कलम नऊचं मांजर

९ जानेवारी

प्रिय बाबा, आणि बाबांच्या खांद्यावरून वाचणारी आई,

घर गॅरेजवाल्याला विकू नका. सही केली असेल तर खोडा. मला विका!

हे आधी लिहून टाकलं, कारण जेवणाच्या सुट्टीची वीसच मिनिटं उरली आहेत. मी क्रेनच्या केबिनमध्ये बसले आहे, जमिनीपासून साठ मीटर वर. खालून मला खुणा करणारी सिग्नलवाली पाव खात वर बघतेय आणि वॉकी-टॉकीवर विचारतेय, 'अगं, रडतेस की हसतेस?' 'दोन्ही,' म्हटलं मी.

तुमचं पत्र सकाळपासून चारदा वाचलं. 'पेन्शनीत माणसांचं भागतं, घराचं भागत नाही,' असं तुम्ही लिहिलंत. छप्पर गळतंय, आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन लांबवून चालणार नाही, आणि शेजारचा गॅरेजवाला घर पाडून तिथे गाड्या लावायला बरी किंमत देतोय. हे सगळं तुम्ही नोकरीत लिफ्ट तपासून अहवाल लिहायचात तसं लिहिलंय, पण बाबा, शेवटच्या ओळीत तुमचं अक्षर तिरकं झालंय. तुमचं अक्षर तिरकं झालेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

तर माझा बेत असा. गॅरेजवाला देतोय त्याच किमतीला घर मी घेते. आईचे गुडघे होतील, छपराचं मी बघेन आणि तुम्ही दोघं आहात तिथेच राहायचं. पैशांची काळजी नको. एकटा जीव, खर्च तो काय? चौदा वर्षं बँकेत नुसते पडून होते, कंटाळले होते बिचारे. इथे मला काही म्हणजे काही कमी नाही. खोली झकास आहे आणि मालकीणबाई मावशीसारखी काळजी घेतात.

पोरीचे पाय जमिनीवर नाहीत असं म्हणू नका. कामावर असताना ते तसेही नसतात. ताबडतोब कळवा. फोन केलात तरी चालेल. (करणार नाही, माहीत आहे मला.)

तुमची बुटकी


१४ जानेवारी

चि. बुटकीस, उंच जागी नीट बसायला सांगून मग आशीर्वाद.

फोन केला नाही, कारण फोनवर बोललेलं मागाहून तपासता येत नाही.

तुझं पत्र आईने माझ्या हातातून ओढून आधी वाचलं. स्वयंपाकघरात जाऊन रडली, तिथेच हसली, आणि बाहेर येऊन मला म्हणाली, 'नाही म्हणून तर बघा, या मोडक्या गुडघ्यांनी माहेरी चालत जाईन.' तिच्या माहेरी आता कुणी उरलेलं नाही, पण धमकी ती धमकी.

मी तीन दिवस विचार केला. मुलीकडून पैसे घ्यायला माझा जीव होत नव्हता. मग लक्षात आलं की हे घेणं नाही, विकणं आहे. तेव्हा मी तयार आहे, मात्र दोन अटींवर. एक, आम्ही फुकट राहणार नाही. गल्लीत जे भाडं चालतं ते दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तुला पोचेल. दोन, रीतसर लेखी करारनामा हवा, कलमांसकट. तू मालकीण, मी भाडेकरू. बाप वगैरे नंतर.

आणि एकदा सही केली की मी प्रत्येक कलम पाळीन, हे ध्यानात ठेव. लिफ्टमध्ये 'सहा माणसे' अशी पाटी असेल तर सहाच. माझा सख्खा भाऊ सातवा निघाला तेव्हा त्याला मी जिन्याने नऊ मजले चढायला लावले. बारा वर्षं झाली, तो अजून माझ्याशी घुम्यासारखा वागतो.

क्रेनच्या दोराचे तुटलेले धागे या महिन्यात मोजलेस का?

तुझा बाबा

(कडेला, आईच्या अक्षरात) करारात काय वाट्टेल ते लिही, पण लवकर लिही. तो गॅरेजवाला रोज सकाळी टेप घेऊन फाटकाशी उभा असतो. काल त्याने माझी गुलाबाची झाडंसुद्धा मोजली.


१६ फेब्रुवारी

प्रिय भाडेकरूंनो!

मी घरमालकीण! मी! जिला शाळेच्या फोटोत नेहमी पहिल्या रांगेत बसवायचे ती! परवा तुमच्याकडे घराच्या खरेदीच्या सह्या करून परत आले ती एसटीत बसले होते की ढगात, आठवत नाही. आज सकाळी क्रेन सुरू करायच्या आधी मी वॉकी-टॉकीवरून जाहीर केलं, 'ऐका हो, मी एका घराची मालकीण बोलतेय.' सगळ्या साइटवर टाळ्या. मुकादम म्हणाला, 'मालकीणबाई, आता जरा त्या सळया उचला.'

बाबा, निघताना तुम्ही मला फाटकापर्यंत सोडायला आलात आणि फाटक उघडून बाजूला उभे राहिलात, पाहुण्यासाठी राहावं तसं. पुन्हा असं करायचं नाही.

सोबत करारनामा. तुमच्या हट्टापायी! एक तयार नमुना मिळाला, तो जेवणाच्या सुट्टीत बसून जसाच्या तसा उतरवून काढला. फक्त पत्ता, भाडं आणि नावं आपली घातली. वीस-बावीस कलमं आहेत, मी काही फार बघितलं नाही. तुम्हीही फार वाचत बसू नका. सही करा, एक प्रत परत पाठवा आणि कपाटात टाकून द्या.

छपरावाला सोमवारी येतोय. आई, ऑपरेशनची तारीख ठरली की आधी मला. आज मला वारासुद्धा आपला वाटतोय!

बुटकी, मालक


१ मार्च

मा. घरमालकीणबाई यांस,

विषय : करारनाम्याची अंमलबजावणी, आणि कलम नऊमधील मांजर.

आपला करारनामा मिळाला. सही करून एक प्रत परत पाठवत आहे. अंमलबजावणी पुढीलप्रमाणे.

कलम दोन, भिंतीत खिळा नसावा. घरात एकतीस खिळे होते, सर्व काढले. तसबिरी, घड्याळ आणि तुझा पहिल्या रांगेतला शाळेचा फोटो भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवले आहेत. आता वेळ पाहायला वाकावं लागतं.

कलम तीन, खोलीत तळण करू नये. बंद केलं आहे. कलम चार, संध्याकाळी आठनंतर पाहुणा थांबू नये. गुरुवारी आईची पत्त्यांची मंडळी आली होती. आठ वाजता मी उभा राहून वेळ झाल्याचं सांगितलं. दाताच्या डॉक्टरीणबाईंच्या हातात त्या वेळी तीन एक्के होते. त्या पत्ते न मांडता उठल्या, पण जाताना माझ्या दातांकडे अशा काही पाहत होत्या की मला पुढच्या तपासणीची धास्ती वाटते.

कलम पाच, मोठ्याने हसू वा गाऊ नये. याचा त्रास आईला जास्त. कलम सात, खिडकीचं एकच दार उघडावं. उघडतो. कलम अकरा, गरम पाणी आठवड्यातून तीनदाच. घेतो.

आता शंका. कलम नऊ म्हणतं, 'मालकीणबाईंच्या मांजरास जिन्यात प्रथम वाट द्यावी.' आपण आमच्याकडे मांजर ठेवलेलं नाही. ते आपण पाठवणार की भाडेकरूने आणायचं? तसंच कलम सहा, 'खाटेच्या आखूड पायाखालील वीट हलवू नये.' घरातल्या तिन्ही खाटा मी टेपने मोजल्या. एकाही खाटेचा पाय आखूड नाही. काय करावं ते कळवावं.

आपला आज्ञाधारक,
भाडेकरू

(मागच्या बाजूला, आईच्या अक्षरात) बुटके, यांना आवर! काल माझ्या फोडणीतल्या मोहरीवर आक्षेप घेतला. म्हणे, तडतडली म्हणजे तळणच.


६ मार्च

अहो बाबा!

केबिनमध्ये एवढी हसले की सिग्नलवालीने क्रेन थांबवायची खूण केली. खिळे ठोका! सगळे एकतीस ठोका, मी आणखी चार पाठवते! तळा, गा, खिडक्या सताड उघडा, डॉक्टरीणबाईंची माफी मागा आणि त्यांना पहाटेपर्यंत बसवून घ्या.

तो नमुना कागदाच्या दुकानात मिळतो तसला होता. कुणा भलत्याच खोलीसाठी केलेला असणार, मी डोळे झाकून उतरवला. चूक माझी, कबूल. मांजर नाही, वीट नाही, काही नाही. त्या कलमांवर सरळ रेघ मारा आणि विसरा. मी मालकीण आहे ना? मग माझा हुकूम समजा.

छप्पर झालं का? आता गळत नाही ना? मला झोपेत त्या छपराची स्वप्नं पडतात, तीसुद्धा कोरडी! आणि आई, चोवीस तारखेला ऑपरेशनला धीराने जा. कामाची मुदत जवळ आली आहे, मला सुट्टी मिळत नाहीये, पण त्या दिवशी मी वर बसून तुमच्याच दिशेला तोंड करून काम करणार आहे. मुकादमाला सांगितलंय, त्या दिवशी हुकही तिकडेच फिरेल.

बुटकी


२ एप्रिल, हॉस्पिटल

बुटके, माझे आई,

स्वतःच्या हाताने लिहितेय, कडेला नाही, चांगलं मधोमध! दोन्ही गुडघे झाले. काल मी कॉरिडॉरच्या टोकापर्यंत काठीने चालत गेले आणि परत आले. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. हे म्हणाले, 'परत येताना वेग जास्त होता, जपून.' डोळे पुसत म्हणाले, पण म्हणाले.

घर कोरडं आहे. गॅरेजवाल्याने टेप गुंडाळून ठेवली. नवी मालकीण कोण हे कळल्यावर म्हणाला, 'मग भाडं तरी कमी असेल.' हे उखडले, 'गल्लीत चालतं तेवढंच आहे!'

मात्र यांनी कलमांवर रेघ मारली नाही हो. कलम वीस दाखवतात, 'बदल दोघांच्या समक्ष सहीनेच होईल.' त्यामुळे तसबिरी अजून जमिनीवरच आहेत. अलीकडे तो कागद घेऊन फार वेळ बसतात. विचारलं तर म्हणतात, 'वाचतोय.'

ते जाऊ दे. खरी बातमी ऐक. डॉक्टर म्हणाले, दोन महिन्यांत मी प्रवास करू शकेन. मग काय, आम्ही तुझ्याकडे येणार! चौदा वर्षांत माझ्या गुडघ्यांनी नाहीतर आणखी कशानेतरी राहूनच गेलं. मला तुझी ती झकास खोली बघायची आहे, तुझ्या मालकीणबाईंना भेटायचंय, तुझ्या हातचं जेवायचंय आणि खालून मान मोडेपर्यंत तुझी क्रेन बघायची आहे. तारीख तू ठरव. मी आत्तापासून पिशवी काढून ठेवली आहे.

तुझी आई, नव्या गुडघ्यांची


८ एप्रिल

प्रिय आई,

टाळ्या माझ्याकडूनही! तुझं पत्र साइटवर सगळ्यांना वाचून दाखवलं. टोकापर्यंत आणि परत! आता घरात पळायला लागशील, बाबांना पाटी लावावी लागेल.

तुम्ही यायचं म्हणताय, मला किती आनंद झाला म्हणून सांगू. फक्त एकच अडचण आहे, नेमका त्याच सुमारास माझ्या खोलीला रंग द्यायचं चाललंय. वास फार असतो, तुला सोसायचा नाही. असं करूया का, स्टँडजवळ एक चांगलं हॉटेल आहे, तिथे तुमची व्यवस्था करते. दिवसभर आपण बाहेर भटकू. नाहीतर मीच जूनमध्ये घरी येते, तेच सोयीचं. तुम्ही कशाला उगीच दगदग करता?

बाबा, तो कागद ठेवून द्या बघू आता.

घाईत,
बुटकी


१५ एप्रिल

बुटके,

हे पत्र भाडेकरू लिहीत नाही, बाप लिहितोय.

तुझ्या त्या खोलीला चौदा वर्षांत हा चौथा रंग. चारही वेळा तो नेमका आम्ही यायचं म्हटलं तेव्हाच निघाला. पहिल्या तीन वेळा माझ्या लक्षात आलं नाही. या वेळी तुझा करारनामा माझ्या समोर होता.

कागद वाचणं हेच माझं काम होतं. लिफ्टचा मालक कागदावर लिहून देतो ते आणि वर प्रत्यक्षात दोर कसा आहे ते, यांतला फरक शोधायचा मला पगार मिळायचा. कागदाच्या दुकानातल्या नमुन्यात मांजर नसतं, बुटके. खाटेखालची वीट तर नसतेच नसते. मांजर पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो. वीट वाचली तेव्हा मनात पाल चुकचुकली. तुझं रंगाचं पत्र आलं आणि सगळं लख्ख दिसलं. तू तुझ्याच खोलीचा करारनामा उतरवून काढलास.

दोन महिने आम्ही तो पाळला. पहिल्या आठवड्यात मजा वाटली. तिसऱ्या आठवड्यात आई मला म्हणाली, 'अहो, आपण कुजबुजत का बोलतोय?' हॉस्पिटलातून घरी आल्यावर तिला हसू आलं की ती तोंडावर पदर धरायची. तेव्हा मी ठरवलं की पुरे. दोन महिन्यांत माझी बायको स्वतःच्या घरात चोरासारखी वावरायला लागली. तू चौदा वर्षं तशी राहिलीस आणि आम्हाला 'झकास' म्हणून लिहीत राहिलीस.

ते पैसे बँकेत पडून कंटाळले नव्हते. तू स्वतःच्या घरासाठी जमवत होतीस, हो ना? त्या खोलीतून सुटायला. आणि ते तू आमच्यावर घातलेस.

मी रागावलेलो नाही. मला लाज वाटते आहे. लोकांच्या लिफ्ट दर सहा महिन्यांनी तपासल्या आणि माझी मुलगी कशी राहते ते चौदा वर्षांत एकदाही डोळ्यांनी पाहिलं नाही. कसला आलाय निरीक्षक.

तेव्हा ही रीतसर नोटीस. आम्ही दोन महिन्यांत घर रिकामं करतो. डॉक्टरीणबाईंच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, आम्हाला पुष्कळ झाल्या. तू घर विक, गॅरेजवाल्याला विक नाहीतर आणखी कुणाला, आणि स्वतःसाठी घर घे. आईला हे पटलेलं आहे. ती तुला लिहिणार होती, पण तिच्याने लिहवेना.

बाबा


२१ एप्रिल

बाबा,

तुमची नोटीस मी घेत नाही. तुकडे केले आणि साठ मीटरवरून सोडून दिले. (सिग्नलवालीने खालून ओरडून ते गोळा करायला लावले, तो नियम आहे, तुम्हाला पटेल.)

हो, तो करारनामा माझ्याच खोलीचा. मांजर खरं, वीट खरी. नवीन होते तेव्हा खोली स्वस्त आणि साइटजवळ म्हणून घेतली. मग वाटलं, थोडे पैसे साठले की सोडू. मग सवय झाली. तुम्ही लिहिलंत ना कुजबुजण्याचं, ते वाचून मी केबिनमध्ये मोठ्याने एक ओळ म्हणून पाहिली. माझा आवाज मलाच ओळखीचा वाटेना. खोटं लिहिलं, कारण आईचे गुडघे आणि तुमचं छप्पर हे तुम्हाला पुरेसं होतं. चुकलंच माझं.

घरासाठी जमवत होते हेही खरं. चौथ्या मजल्यावरचा एक फ्लॅट बघूनसुद्धा आले होते. रिकाम्या स्वयंपाकघरात उभी राहिले आणि परत आले. दुसऱ्या दिवशी तुमचं पत्र आलं, घर विकतोय म्हणून. आणि बाबा, त्या दिवशी जेवायलाही मी खाली उतरले नाही. मला कळलं की चौदा वर्षं मी 'घरी जाते' हे शब्द फक्त एकाच जागेसाठी वापरलेत. तिथे गाड्या लागल्यावर मी सुट्टी काढून कुठे गेले असते? चौथ्या मजल्यावर?

तुम्हाला वाटतं मी तुमच्यासाठी घर घेतलं. मी माझ्यासाठी घेतलं! तुम्ही दोघं त्यात मोठमोठ्याने भांडत असायला हवीत, नाहीतर त्या चार भिंती मला काय करायच्यात? डॉक्टरीणबाईंच्या वर जाऊन राहिलात तर मी एका रिकाम्या घराची मालकीण होईन आणि मला जायला घर नसेल. एवढं सरळ आहे ते. राहा. मी हात जोडते, राहा.

आता पुढचं ऐका, मला कधीपासून सांगायचंय! तुमचं पत्र मी सिग्नलवालीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'मी तीन वर्षं ओरडतेय की माझ्या घरात एक खोली रिकामी आहे, तुला ऐकू येत नाही, तू फार वर असतेस.' मी त्याच संध्याकाळी मालकीणबाईंना सांगून टाकलं की जाते. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, 'मांजराला चुकल्याचुकल्यासारखं होईल.' चौदा वर्षांतलं त्यांचं सगळ्यात प्रेमळ वाक्य!

शनिवारी सामान हलवलं. एक ट्रंक, एक खुर्ची, झालं. नव्या खोलीला दोन खिडक्या आहेत. रविवारी आम्ही दोघींनी बटाटे तळले, घरभर धूर केला आणि इतक्या हसलो की शेजारणीने दार वाजवलं. मी घाईघाईने गॅस बंद केला. ती आत आली, बटाटे खाल्ले आणि दहाला गेली.

रंगबिंग काही नाही. तुम्ही दोघंही या. हॉटेलात नाही, माझ्याकडे!

तुमची बुटकी


२५ एप्रिल, पोस्टकार्ड

नोटीस मागे घेतली. खिळे ठोकतोय, समक्ष सहीविनाच. आयुष्यात पहिल्यांदा. बाकी मागाहून. बाबा


२७ मे

मा. घरमालकीणबाई यांस,

विषय : भाडेकरूंची काही दिवसांची गैरहजेरी.

आम्ही शनिवारी सकाळच्या गाडीने निघत आहोत, दुपारी चारला पोचू. घराची किल्ली डॉक्टरीणबाईंकडे राहील. त्यांनी आम्ही नसताना गुरुवारचा डाव इथेच मांडायची परवानगी मागितली, ती मी मालकिणीला न विचारता देऊन टाकली आहे.

बुटके, इतकं लिहून झालं आणि पुढे सुचेना. मी काल दोनदा फाटकापर्यंत जाऊन उगीचच परत आलो. कुठे जायचं म्हणून माझा जीव असा वर-खाली कधी झाला नव्हता. आई गुणगुणत डबे भरते आहे आणि दर अर्ध्या तासाला मला वेळापत्रक वाचून दाखवायला लावते.

तुझी खोली पाहायची आहेच. भिंती, दारं, गॅस, सगळं तपासणार, एकदा तरी. त्याशिवाय आणखी एक विचारायचं आहे, मुकादमाला आधी विचारून ठेव. मला तुझ्या केबिनपर्यंत वर येऊ देतील का? नियम काय आहे ते लेखी कळव. माझं वजन सकाळी केलं, बासष्ट किलो, बुटांसकट. चढायला मी अजून मागे नाही. तू दिवसभर जिथे बसतेस तिथे मला एकदा बसून बघायचं आहे.

तुझा बाबा

(खाली, आईच्या अक्षरात) आम्ही यांच्या हिशेबाने दोन दिवस राहणार आहोत. यांना दाखवू नकोस, मी पंधरा दिवसांचे कपडे घेतलेत.